खाजनातलं हिरवं: कुंभारजुवे कालव्याकाठच्या प्रकल्प नोंदी

16 ऑक्टोबर 2024, बुधवार

आज कोजागरी, आणि बऱ्याच दिवसांनी आभाळ मोकळं. कामाला आजच हात घातला. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यावरून काढलेल्या प्रकाशीय प्रतिमांत ढगांखेरीज फारसं काही मिळत नाही, म्हणून पावसाळा वाचनात आणि जुने नकाशे जमवण्यात गेला.

क्षेत्र ठरलं आहे: मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा सुमारे 15 किमीचा कुंभारजुवे कालवा आणि त्याच्या दोन्ही काठांची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं. प्रश्न साधा आहे. खारफुटी कुठे वाढली, कुठे घटली, आणि का. यातला 'का' उपग्रहाकडून मिळत नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

सामग्री: सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या प्रतिमा (दृश्य आणि निकट-अवरक्त पट्ट्यांत 10 मीटरचा पिक्सेल, दर 5 दिवसांनी फेरी), मागच्या काळासाठी लँडसॅट उपग्रहांच्या (30 मीटर, लँडसॅट-5 1984 पासून). दोन्ही फुकट. काम क्यूजीआयएस आणि गुगल अर्थ इंजिन या नकाशा-प्रणालींत. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम 43 उत्तर.

एक अडचण पहिल्याच दिवशी दिसली. खाजनाचा बांध रुंदीला चार-पाच पावलं. म्हणजे आमच्या पिक्सेलपेक्षा अरुंद. ज्या बांधावर सगळं खाजन उभं आहे तो बांधच प्रतिमेत नीट दिसत नाही. त्याच्या दोन बाजूंत फरक दिसला तर बांध आहे असं समजायचं.

23 ऑक्टोबर 2024, बुधवार

सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांच्या शीट्स प्रतिमांवर जागेवर बसवल्या: 48 ई/14 आणि 48 ई/15. साडेपंधरा अक्षांशाच्या रेघेवर दोन शीटांची शिवण येते आणि कालवा त्या शिवणीवरून खाली उतरतो. दोन्ही शीटांवर बांधांच्या रेघा आहेत. मला त्याच हव्या होत्या.

दुपारचे तीन तास वाया गेले. जुन्या शीट्स एव्हरेस्ट गोलाभावरच्या (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) आणि मी त्या सरळ आजचं डब्ल्यूजीएस-84 धरून लावल्या. कालवा दीडेकशे मीटर सरकला, म्हणजे पंधरा पिक्सेल. काठ कुठे झिजला, कुठे भरला याची यादीसुद्धा मी करायला घेतली होती. मग लक्षात आलं की चर्चचा मनोरासुद्धा तितकाच सरकला आहे. नदी सरकेल, चर्च कसं सरकेल? डेटम (हे पायाभूत गणित) बदलून पुन्हा लावलं. ताडून पाहायला चर्च, देवळं आणि फेरीचे धक्के घेतले. झाडं आणि काठ घ्यायचे नाहीत.

7 नोव्हेंबर 2024, गुरुवार

पहिलं वर्गीकरण (कोणता पिक्सेल पाणी, कोणता जमीन, कोणता खारफुटी) तयार. जानेवारी ते मार्चच्या प्रतिमा घेतल्या, 2019 च्या आणि 2024 च्या. कारण असं: सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलं जातं, आणि उन्हाळ्यात खाजनाची जमीन खारावते म्हणून तिथे वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं भात) सहसा होत नाही. जानेवारीनंतर शेत मोकळं असतं, खारफुटी मात्र बारमाही हिरवी. तेव्हा या तीन महिन्यांत खाजनपट्ट्यात जे हिरवं, ते बहुतेक खारफुटी. अडथळा माडांचा. बांधावरचे माड आणि तिवर (खारफुटीचं एक झाड) यांचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक (निकट-अवरक्त उणे लाल, भागिले दोघांची बेरीज) जवळपास सारखा येतो. लघुतरंग अवरक्त पट्टा जोडल्यावर फरक पडला, कारण खारफुटीखालची जमीन कायम ओली आणि तो पट्टा ओलावा ओळखतो. मात्र तो 20 मीटरचा आहे, त्यामुळे कडा धूसर होतात.

निकाल: हिरवं वाढलं आहे. बैठकीत सगळ्यांना आनंद झाला, मलाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात अख्ख्या गोव्याची खारफुटी 27 चौ. किमी. इतक्याशा पसाऱ्यात कुठेही भर पडली तर ती मोलाचीच.

घरी येऊन नकाशा पुन्हा उघडला. वाढीचा सर्वांत मोठा तुकडा चौकोनी आहे. नदीकाठची खारफुटी पाण्याच्या वळणाने पसरते, तिला अशा सरळ कडा नसतात. या तुकड्याला तीन बाजूंनी सरळ रेघा आहेत आणि जुन्या शीटवरच्या बांधांशी त्या तंतोतंत जुळतात. याला 'क' तुकडा म्हणू. जाऊन बघितल्याशिवाय यावर काही बोलायचं नाही.

22 नोव्हेंबर 2024, शुक्रवार

कालपासून जुने गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचा शवप्रदर्शन सोहळा सुरू झाला आहे, त्यामुळे रस्ता सोडून पाण्याने गेलो. होडी एका काकांची. ते या खाजनातलं जुनं कूळ. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण वल्हं हातात घेतलं की वय दिसत नाही.

अकराच्या सुमारास 'क' तुकड्याच्या तोंडाशी पोचलो आणि होडी चिखलात रुतली. उतरून ढकलायला काकांनी परवानगी दिली नाही. या कालव्यात मगरी आहेत, आणि त्या दूर काठावर ऊन खात असल्या तरच दिसतात. पाणी येईपर्यंत बसून राहिलो. त्या वेळात मी टॅबवर नकाशा काढला आणि हिरवा चौकोन दाखवला. म्हटलं, काका, इथे खारफुटी चांगली वाढली आहे.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाये, हांगा शेत आशिल्लें." इथे शेत होतं.

पुढचा दीड तास मी फक्त लिहून घेतलं. बांध कसा चिकणमातीचा, आतून पेंढा आणि बाहेरून चिरे. खेकडे बांधात बिळं करतात, त्यातून पाणी झिरपतं, म्हणून उधाणाच्या आधी कोणीतरी बांधावरून चालत जाऊन बिळं बुजवायचं. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, फळ्यांची दारं कशी भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतात. कोरगुट हे खारं पाणी थोडंफार सोसणारं भात. गांवकारी म्हणजे कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) होती तेव्हा बांधाचं काम कोणी करायचं हे ठरलेलं असायचं. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. इथे एका पावसाळ्यात खांड पडली, म्हणजे बांध फुटला. बुजवायला माणसं जमेपर्यंत उधाणाची दोन पाणी येऊन गेली, खांड रुंदावली, आणि मग ती कोणाच्याच आवाक्यात राहिली नाही. पहिल्या वर्षी भात जळालं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मारांडी (खारफुटीतलं काटेरी झुडूप) आली, मग तिवर.

बैठकीतला आमचा आनंद मला होडीत आठवला. आम्ही ज्याला वाढ म्हणत होतो तिथून या माणसाचं भात गेलं होतं.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

शुक्रवारी घेतलेले जीपीएसचे बिंदू उतरवून घेतले. तिवर सर्वांत जास्त, कडेला चिपी, नदीच्या बाजूला कांदळ, आत मोकळ्या जागी मारांडी. फांद्यांच्या गर्दीत जीपीएस आठ-दहा मीटर भटकतो, तेव्हा कडेचे बिंदू तपासणीत धरायचे नाहीत.

12 डिसेंबर 2024, गुरुवार

खांड कधी पडली? काकांना साल आठवत नाही. धाकट्या मुलीच्या दहावीच्या वर्षी, एवढंच. त्यांच्या घरी फोन केला. तिने दहावीचं साल सांगितलं: 2004.

लँडसॅटची उन्हाळी चित्रं एकेका वर्षाची काढली. इथे आणखी एक घोळ आहे. लँडसॅट-7 चं रेघा जुळवणारं उपकरण 31 मे 2003 रोजी बिघडलं. त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक चित्रात काळे तिरके पट्टे आहेत, चित्राच्या मध्याशी कमी आणि कडांकडे जाड. ते सोडून लँडसॅट-5 ची मिळतील ती चित्रं घेतली. मधली काही वर्षं रिकामीच राहिली. तरी क्रम स्पष्ट आहे. आधी मार्चमध्ये कोरडी, उजळ जमीन. मग त्याच जागी काळपट पाणी. मग बरीच वर्षं चिखल-पाण्याची सरमिसळ, आणि हळूहळू हिरवं. कोरड्या जमिनीचं शेवटचं चित्र आणि पाण्याचं पहिलं चित्र, दोन्ही दहावीच्या त्या सालाला दोन्ही बाजूंनी टेकून आहेत. यापेक्षा बारीक 30 मीटरच्या पिक्सेलमधून निघणार नाही. काकांची खूण जास्त नेमकी आहे. नोंदीत तीच लिहिली.

दुसरी गोष्ट मात्र सतावते आहे. सेंटिनेलच्या एकाच महिन्यातल्या दोन स्वच्छ प्रतिमा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने. एकीत 'क' तुकड्याच्या आत पाणीच पाणी, दुसरीत चिखल. पाऊस नाही, ढग नाहीत. वर्गीकरण एकदा पाणी म्हणतं, एकदा उघडी जमीन. भरती-ओहोटी हे उघड आहे, पण मग कोणती प्रतिमा खरी धरायची?

14 डिसेंबर 2024, शनिवार

उत्तर काकांच्या बलकांवावर (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) मिळालं. त्यांना विचारलं, आज पाणी कधी भरेल? त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, तिथी विचारली. चतुर्दशी. "चौदाची पाऊणपट साडेदहा. आत कालव्यात थोडं उशिरा."

तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अख्ख्या कोकणपट्टीतल्या होडीवाल्यांचा हा हिशेब आहे. मीही लहानपणी ऐकला होता, पण कामाशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. आता लावला. सेंटिनेल-2 चा मार्ग सूर्याशी बांधलेला आहे. तो दर फेरीला गोव्यावरून सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास जातो. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी हा उपग्रह येतो तेव्हा पाणी नेहमीच भरलेलं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; सहाला भरती म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी त्याला चिखल दिसतो. आणि 22 नोव्हेंबरला सप्तमी होती. होडी का रुतली तेही कळलं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. उधाणाची सर्वांत खोल ओहोटी, जेव्हा नदीचं पोट उघडं पडतं, ती या उपग्रहाला कधीच दिसत नाही, कारण ती पहाटे आणि संध्याकाळी येते. आमच्या नकाशातली चिखलाची जागा मुळातच कमी भरणार. हे वाचताना कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक प्रतिमेच्या नावापुढे आता तिथीचा रकाना आहे.

9 जानेवारी 2025, गुरुवार

तिथी हाती आल्यावर कामाची पद्धतच बदलली. आधी मी भरती-ओहोटीचा फरक काढून टाकायच्या प्रयत्नात होते. आता तोच मोजते आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या प्रतिमा एका गटात, सप्तमी ते नवमीच्या दुसऱ्या गटात. दोन्हींचा पाणी-निर्देशांक (हिरवा पट्टा आणि लघुतरंग अवरक्त वापरून) काढला आणि एकातून दुसरा वजा केला. शाबूत खाजनात आतलं पाणी मानशीच्या ताब्यात असतं. बाहेर नदी चढो-उतरो, आत फारसा फरक नाही. फुटलेल्या खाजनात मात्र नदीबरोबर पाणी आत येतं आणि बाहेर जातं. वजाबाकीच्या चित्रात शाबूत खाजनं राखाडी राहिली आणि 'क' तुकडा उजळून निघाला. त्याच्याबरोबर आणखी तीन तुकडे उजळले, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी अजून खारफुटीच नाही. म्हणजे तिथे आत्ता पाणी शिरतं आहे.

रात्री उशिरापर्यंत बसले. बांध दिसत नाही म्हणून पहिल्या दिवशी खंत लिहिली होती. आज बांध फुटल्याची जागा दिसली.

29 जानेवारी 2025, बुधवार

पौष अमावास्या. दुर्भाटला मांगे थापणी पाहिली. बांधाकाठी चिखलाची मगर घडवतात, तिची पूजा करतात, आणि शेताचं, बांधाचं, माणसांचं रक्षण कर म्हणून मागणं मागतात. ज्या मगरीच्या भीतीने काका मला पाण्यात उतरू देत नाहीत, तिलाच इथे राखणदार मानलं आहे. मगर ज्या काठावर राहते तो काठ माणसाने जपून वापरला, असा याचा अर्थ मी लावते. कोणाला वेगळा लागेल. मूर्ती घडवणाऱ्यांच्या हाताखाली चिखल कसा वळत होता ते पाहताना बांधाची माती निवडणारे हात हेच असणार हे कळत होतं.

तिथून थेट 'क' तुकड्याकडे. काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती खांडीच्या तोंडाशी रोवली आणि दर दहा मिनिटांनी वाचन घेतलं. हिशेबाने भरती सव्वाअकराला. काठीवरचं पाणी पावणेबारा उलटल्यावर थबकलं. काकांचं 'थोडं उशिरा' इथे अर्ध्या तासाचं निघालं. उपग्रहाच्या वेळेला पाणी अजून चढतं असतं, तेव्हा उधाणाच्या गटातल्या प्रतिमाही पूर्ण भरतीच्या किंचित आधीच्या धरायच्या.

11 फेब्रुवारी 2025, मंगळवार

चूक दुरुस्त करायची आहे. 9 जानेवारीच्या तीन तुकड्यांपैकी एक फुटलेला नाही. आज जाऊन पाहिलं: बांध धडधाकट, मानशीची दारं वर उचलून बांधलेली. कापणी झाल्यावर मासळीसाठी खारं पाणी आत घेतलं आहे. मानशीचा लिलाव होतो, घेणाऱ्याला मासळी हवी, कुळाला गोडी जमीन हवी, आणि दार किती दिवस उघडं ठेवायचं यावरून ओढाताण चालते. वजाबाकीच्या चित्राला उघडं दार आणि फुटलेला बांध यातला भेद कळत नाही.

यावर उपाय: जून-जुलै. पेरणीच्या वेळी दार मिटतात, कारण पावसाने जमिनीतला खार धुवून निघायला हवा. त्या काळातही पाणी भरतीबरोबर हलत असेल तर खांड. पण तेव्हा ढग असतात.

20 फेब्रुवारी 2025, गुरुवार

ढगांसाठी सेंटिनेल-1 हा उपग्रह. रडार असल्याने ढग आणि अंधार दोन्ही आड येत नाहीत. शांत पाणी लहरी दूर परावर्तित करतं म्हणून काळं दिसतं, खडबडीत चिखल आणि झाडं उजळ. वाऱ्याने पाणी खवळलं तर तेही उजळतं, इथे सावध राहायचं.

आणि त्याची वेळ! हा मार्ग पहाटे-संध्याकाळचा. गोव्यावर पहाटेची फेरी सहा-साडेसहाच्या सुमारास. उधाणाच्या दिवशी भरती सव्वाअकराला तर ओहोटी पाचच्या पुढे, आणि कालव्यात त्याहून अर्धा तास उशिरा. सेंटिनेल-2 ला जी खोल ओहोटी कधीच दिसत नाही, ती याला जवळजवळ हातात मिळते. मागच्या पावसाळ्यातल्या प्रतिमा उतरवायला लावल्या आहेत.

5 मार्च 2025, बुधवार

आज नकाशाच्या सूचीवरून, म्हणजे कोणत्या जागेला कोणतं नाव द्यायचं यावरून, वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

प्रश्न: 'क' तुकड्याला नकाशात काय म्हणायचं? एका सहकाऱ्याचं म्हणणं, खारफुटी ती खारफुटी. तिथे मासळीची पिलं वाढतात, पक्षी येतात, चिखल धरला जातो. झाडाला बांधाचा इतिहास विचारू नये. हे मला पटतं. पण नकाशा भिंतीवर लावण्यापुरता नसतो. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खारफुटी सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येते. त्याच अधिसूचनेने 2011 मध्ये गोव्याची खाजनं मोजून नकाशावर आणायला सांगितली, तिथे विकासकामांना मनाई केली आणि खाजनांकाठची खारफुटी राखायला सांगितलं. दोन्ही जपायच्या. पण एकाच जमिनीवर दोन्ही आल्या, तर जो वर्ग नकाशात आधी छापला जाईल तोच पुढे टिकेल. आम्ही तिथे नुसतं हिरवं भरलं तर ते शेत होतं हे पुसलं जाईल, आणि कुळाला खांड बुजवायची झाली तरी हातात काही उरणार नाही. उलट, सगळं 'पडीक खाजन' लिहिलं तर भराव घालायला टपलेल्यांना तो परवानाच.

काका म्हणाले होते की बांधाबाहेरची खारफुटी त्यांच्या वडिलांनी कधी तोडू दिली नाही, ती लाटा अडवते. आतली मात्र मुळांनी बांध पोखरते. फरक त्यांच्याच बोलण्यात होता. म्हणून दोन वर्ग केले: 'बांधाबाहेरील खारफुटी' आणि 'फुटलेल्या खाजनातील खारफुटी', दुसऱ्यापुढे खांड पडल्याचं साल आणि ते कोणी सांगितलं हे. दोन वर्गांमधली रेघ जुन्या शीटवरच्या बांधाची. ऑक्टोबरमधली दीडशे मीटरची चूक तशीच राहिली असती तर आतलं सगळं बाहेर गेलं असतं.

22 मार्च 2025, शनिवार

मोठा छापील नकाशा काकांच्या बलकांवावर पसरला. शेजारची आणखी तीन-चार कुळं जमली. टॅबवर जे कोणी बोलत नव्हते ते कागदावर बोटं ठेवून बोलायला लागले. शेताच्या तुकड्यांना आम्ही क, ख, ग म्हणत होतो. प्रत्येकाला नाव आहे. कोष्टकात 'स्थानिक नाव' हा रकाना घातला आणि बसल्या जागी भरला.

मग काकांनी 'क' तुकड्याच्या दक्षिण कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हांगाची मानस खंय?" नकाशात तिथे मानस नव्हती. जुन्या शीटवर नाही, आमच्याकडे नाही.

आज अष्टमी, पाणी बाराला उतरलेलं. लगेच निघालो. या वेळी होडी कुठे थांबवायची ते माहीत होतं. तिवराच्या श्वासमुळांत, गुडघाभर चिखलाच्या वर, चिऱ्यांचे दोन खांब उभे आहेत. दारं गेलेली, दार अडकवायची खाच मात्र शाबूत. काकांनी वल्ह्याने एक खांब ठोकून पाहिला. मी बिंदू घेतला: 11 वाजून 50 मिनिटं, अचूकता 6 मीटर, वस्तू मानस, स्थिती मोडलेली, माहिती कूळ. फोटो चार. पाणी फिरायच्या आत होडी बाहेर काढली.